काळी चार

शाळेच्या पेटीची काळी चार मुकी आहे,
माझ्या आधीच्या शिंत्रे बाईंच्या वेळेपासून.
काळी एक सा धरला तर पंचम जातो,
काळी दोन धरला तर मध्यम.
पंचमाशिवाय निभणार नाही,
मध्यमाशिवाय निभेल, असं समजून
मी काळी दोनवर संसार मांडला.

मंगळवार-शुक्रवार, शेवटचा तास,
प्रयोगशाळेत, कारण तिथलाच पंखा चालतो.
मार्चातच पत्रा तापून टणटण बोलायला लागतो
आणि बत्तीस पोरं त्याच्यावर आवाज चढवतात.
"ओरडू नका."
"ओरडलालाव कुठं टीचर, बोललालाव की."
खरं होतं. साखर पेठेतल्या ज्या घरांत
खालच्या खोलीत चार माग रात्रंदिवस,
तिथं मीठ मागायलाही गळा काढावा लागतो.

हळू कसं शिकवायचं?
मी हात खाली आणला, बोट ओठांवर ठेवलं,
फळ्यावर बारीक बारीक होत जाणारी रेघ काढली.
पोरं गाणं सोडून रेघ बघत बसली.
मग दुसऱ्या रांगेतून वरलक्ष्मी यन्नम उठली,
"मेल्लगा," म्हणाली,
"धागा तुटला की अम्मा माग थांबवून गाठ मारते,
तेव्हा श्वास कसा घेते, तसं."
"मेल्लगे," मल्लिनाथ हत्तुरेनं कानडीत पक्कं केलं,
तहसीननं मागून "आहिस्ता" जोडलं,
आणि त्या दिवशी पहिल्यांदा
मला पंख्याचा आवाज ऐकू आला.

मध्यमाचं मात्र मी काहीच शिकवलं नाही.
सा रे ग पेटी देई,
मग माझं बोट काळी चारवर जाई,
भाता नुसती हवा सोडी, फुस्स,
आणि पोरं तो सूर आपापल्या अंगातून काढत,
खड्ड्यावरून सायकल उचलून न्यावी
तसा पंचमाच्या काठाला टेकवत.
आवाज फुटला म्हणून ज्याला
मात्रा मोजायला बसवला होता, तो नागनाथसुद्धा
तेवढ्या जागी तोंड उघडायचा.

डिसेंबरात स्मृती मंदिरात स्पर्धा.
आयोजकांची पेटी नवी, पॉलिशचा वास येणारी.
सा,
रे,
ग,
आणि काळी चार वाजली.

बत्तीस माना वळल्या पेटीकडे,
न विचारता घरात शिरलेल्या माणसाकडे वळतात तशा.
पंचमावर सगळे पोचले,
पण ज्याच्या त्याच्या वेळेला.
शेऱ्याच्या कागदावर: तयारी चांगली. मध्यम डळमळीत.

परतीच्या टमटममध्ये कुणी बोलेना,
आणि ही पोरं बोलत नाहीत म्हणजे काय
ते सोलापुरात कुणालाही विचारा.
अशोक चौक आल्यावर वरलक्ष्मी म्हणाली,
"टीचर, तो सूर आमच्याकडे होता ना?"
चूक माझी, चांगल्या पेटीवर
एकदा तरी बसवायला हवं होतं तुम्हाला,
असं सांगायचं होतं.
मी सुट्टे पैसे मोजत राहिले.

गड्ड्याची सुट्टी संपली आणि संस्थेनं पैसे मंजूर केले.
नदाफ चाचा आले, पाट उघडला.
खडूची भुकटी, शेंगदाण्याची टरफलं,
आणि काळी चारच्या पट्टीत अडकलेली
एक केसांची पीन, गंजून तांबडी.
शिंत्रे बाईंचा अंबाडा आठवला मला.
"एवढंच होतं बघा," चाचा म्हणाले,
"वीस वर्षं. दहा मिनिटांचं काम. काढू?"

चिमटा एका हातात, दुसऱ्यानं सहज
सूर तपासत गेले: सा, रे, ग,
फुस्स.

बाहेर कुणीतरी नळावर बाटली भरत होतं.
तिथून आला मध्यम,
नेमका,
आणि अर्थात ओरडून.

चाचा चिमटा तसाच धरून
माझ्याकडे बघत राहिले.